भाडं घ्या, पण आमची वही आमच्याकडं राहू द्या : क्लाउड सॉफ्टवेअर कंपन्यांना सोलापुरातून खुलं पत्र

क्लाउडवर (म्हणजे हिशोब आमच्या कॉम्प्युटरवर नाही, इंटरनेटवरून दुसरीकडच्या मशीनवर) सॉफ्टवेअर विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांच्या साहेबांना, पुण्या-बंगळूरला बसणाऱ्या त्यांच्या मॅनेजरांना आणि दर महिन्याला लॅपटॉपची बॅग घेऊन सोलापुरात उतरणाऱ्या पार्टनर लोकांना, म्हणजे विक्रीच्या एजंटांना, नमस्कार.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल कारखानदार. मोठा नाही. वडलांनी पूर्व भागात भाड्याच्या शेडमध्ये ८ लूमवर (यंत्रमागांवर) सुरू केलं, आता स्वतःच्या शेडमध्ये ३६ आहेत, त्यातले चालू किती ते सुताच्या भावावर आणि ऑर्डरवर. टेरी टॉवेल, नॅपकिन, आणि मागणी आली तर थोड्या चादरी. तुमच्यातल्याच एकाचं सॉफ्टवेअर चार वर्षं वापरतोय, बिलं, सुताचा स्टॉक, बीमचा (लूमवर चढवायच्या ताण्याच्या रुळाचा) हिशोब, कामगारांचा आठवड्याचा पगार, सगळं त्यात. तेव्हा कुणी जुन्या वळणाचा म्हातारा कॉम्प्युटरच्या नावानं बोटं मोडतोय असं समजू नका, मी तुमचं गिऱ्हाईक आहे आणि १ एप्रिलला परत पैसे भरायचेत म्हणूनच लिहितोय.

झालं असं. मागच्या मार्चमधला शनिवार, संध्याकाळचे साडेपाच. भिवंडीच्या गोडाऊनला जाणारी गाडी गेटवर उभी, २२ गाठी भरून झालेल्या, ताडपत्री बांधायची तेवढी बाकी, ड्रायव्हर सावलीला बसून तंबाखू मळतोय. आणि आतून आमचे दिवाणजी ओरडले, "मालक, बिलच निघंना की! काय तर लाल अक्षरात दाखवलालंय." जाऊन बघतो तर स्क्रीनवर एकच ओळ, तुमचा प्लॅन संपला आहे, आणि खाली निळं बटण, रिन्यू करा. बाकी पांढरं. मागचं बिल दिसेना, पार्टीचं खातं दिसेना, कुठल्या गाठी कुठल्या ऑर्डरच्या ते दिसेना, काय रेट ठरलेला तो पण आतच. दिवाणजींनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला, जणू काचेवरच्या सुताच्या भुशानं अक्षरं झाकली होती.

कारण काय निघालं, तर बँकेनं जुनं कार्ड बदलून नवं दिलेलं आणि तुमची वर्षाची वर्गणी जुन्या कार्डाला चिकटलेली. असे आपोआप कापायचे पैसे कापण्याच्या २४ तास आधी कळवायचं आणि ठराविक रकमेच्या वर ओटीपी घ्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे, रक्कम आधी ५ हजार होती, २०२२ ला १५ हजार केली. नियम चांगला आहे, त्याच्यावर माझं काही म्हणणं नाही. तुमचे आठवणीचे मेल मात्र ज्या पत्त्यावर जात होते तो आमच्या जुन्या अकाउंटंट पोराचा, आणि ते पोरगं दोन वर्षांपूर्वीच हिंजवडीला गेलंय. म्हणजे चूक आमची. हे मीच आधी लिहून टाकतो, तुमच्या सेल्सवाल्याला सांगायचे कष्ट नकोत.

पण पुढचं ऐका. शनिवार संध्याकाळ, सपोर्टला फोन केला तर "आमचे प्रतिनिधी सोमवार ते शुक्रवार". बरं म्हणलं, पैसे भरून टाकू, तर निळं बटण दाबल्यावर कळलं की आमचा जुना प्लॅनच आता बंद केलाय, नवा आहे तो माणशी आहे, आणि जुन्या प्लॅनवरून नव्यावर जायला "आमच्या टीमशी बोला". टीम सोमवारी. ई-वे बिल (गाडीनं माल न्यायला लागणारा जीएसटीचा कागद) सरकारी पोर्टलवर हातानं टाकता येतं, शेवटी तसंच केलं, रेट पार्टीला फोन करून विचारला, माझाच रेट मी गिऱ्हाईकाला विचारला! तो पण हसला, म्हणाला शेठ सांगू का दोन रुपये कमी. गाडी रात्री साडेनऊला निघाली, ड्रायव्हरनं वेटिंगचे पैसे घेतले, ते काय फार नव्हते. सोमवारी सकाळी ११ वाजता पैसे भरले, ११ वाजून ४ मिनिटांनी सगळं जागच्या जागी हजर, एक आकडा इकडचा तिकडं नाही. मला खरा राग त्या चार मिनिटांचा आला. म्हणजे माझी वही तिथंच होती, धडधाकट, कुठं गेली नव्हती, तुम्ही फक्त दार लावून घेतलं होतं.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. आम्ही सूत डाईंगला देतो, रंगवून येतं. रंगवणाऱ्याचं बिल थकलं तर तो माल अडवतो, हे आम्हाला नवीन नाही, हक्कच आहे त्याचा. पण एक तर बाकी असली तर अडवतो. माझी तुमच्याकडं एका रुपयाची बाकी नव्हती, मागच्या वर्षाचे पैसे मागच्या वर्षीच दिलेले, फक्त पुढच्या वर्षाचे अजून दिले नव्हते. आणि दुसरं, सोलापुरातला कितीही खडूस डाईंगवाला घ्या, तो ९० दिवस झाले म्हणून तुमचं सूत जाळून टाकत नाही. तुमच्या अटीत मात्र तसं लिहिलंय. घरी आल्यावर मुलीनं सगळ्या अटी वाचल्या (मी तरी कधी वाचल्या होत्या, टिक मारून पुढं गेलेलो), त्यात स्पष्ट होतं की प्लॅन संपल्यावर ९० दिवसांनी कंपनी डेटा कायमचा काढून टाकू शकते.

आता ह्याच्याशेजारी जीएसटीचा कायदा ठेवा. कलम ३६ म्हणतं, वार्षिक रिटर्नची जी शेवटची तारीख, तिच्यापासून ७२ महिने हिशोबाची कागदपत्रं सांभाळा. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी कायदा ८ वर्षं म्हणतो. म्हणजे सरकार मला म्हणतं ७२ महिने सांभाळ, तुम्ही म्हणता ९० दिवस. उद्या मी तुमचं सॉफ्टवेअर सोडलं आणि तीन वर्षांनी नोटीस आली, तर अधिकाऱ्यासमोर मी काय निळं बटण दाखवू?

तुमचा पार्टनर ह्यावर म्हणाला, "सर, एक्स्पोर्टचा ऑप्शन आहे ना." आहे, म्हणजे आपला डेटा बाहेर काढून घ्यायचा. मुलीनं करून बघितला. चार वर्षांची बिलं एका एक्सेल शीटमध्ये आली, ओळीच्या ओळी, पण बिलाला जोडलेली माल पाठवल्याची चलनं नाहीत, कुणी कधी काय बदललं ते नाही, बीमचा हिशोब तर आलाच नाही, कारण ते म्हणे "कस्टम मॉड्यूल" आहे. घर सोडताना भाडेकरूला सांगावं की सामान न्या, पण भांडी न्यायची नाहीत आणि कपाटातलं कपाटातच राहील, तसला प्रकार.

आमच्या शेडच्या माळ्यावर एक गोष्ट आहे, कधी आलात तर दाखवीन. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणायच्या मागावरच्या, चादरीचे जुने पुठ्ठे. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, एकाला एक दोऱ्यानं ओवलेल्या, माळच्या माळ, एकेका नक्षीला शेकड्यानं. भोक आहे तिथं सुई आत जाते, सूत उचललं जातं, भोक नाही तिथं सूत खालीच, बास, एवढ्यावर मोर उमटतो, कमळ उमटतं, पार्टीचं नाव उमटतं. लिऑनच्या जॅकार्डनं १८०४ च्या आसपास हे काढलं आणि पुढं ह्याच भोकाच्या पट्ट्यांवरून हॉलेरिथनं अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचं मशीन चालवलं, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरचा पणजोबा आमच्या माळ्यावर धूळ खात पडलाय असं म्हणलं तरी चालेल. आता सांगायचा मुद्दा. वडलांनी नक्षीवाल्याला एकदा पैसे दिले, पुठ्ठे घरात आले. तीस वर्षांत नक्षीवाला वारला, त्याचं दुकान गेलं, तिथं आता मोबाईलचं शोरूम आहे, आणि पुठ्ठे? मागच्या दिवाळीत एक काढून झटकून लावला, तीन ठिकाणी फाटलेला तो कागद चिकटवला आणि चालला. उमटला मोर.

आणि मी तीन वर्षांपूर्वी डिझाईनचं एक सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्यावर घेतलेलं, बारा महिने वापरलं, काम कमी झालं म्हणून सोडलं. त्यात काढलेल्या १९ डिझाईनच्या फायली माझ्या पेनड्राईव्हवर आहेत. उघडत मात्र नाहीत. त्या फाईलचा साचाच असा आहे की दुसऱ्या कशातच उघडत नाही. पैसे माझे, नक्षी माझी, आमच्या अण्णांनी (आमचे जॉबर, म्हणजे लूम लावणारे-दुरुस्त करणारे, घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, रागात दोन्ही) रात्र रात्र बसून बसवलेली, आणि ती बघायला मला परत महिन्याचं भाडं. वडलांचे पुठ्ठे उंदरानं खाल्ले असते तर मी समजू शकलो असतो.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग जा की परत सीडीवर आणि डोंगलवर, आपल्याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर. नाही जायचं मला. क्लाउडनं मला काय दिलंय ते मी विसरलेलो नाही. आमचा जुना कॉम्प्युटर ऑफिसात होता, ऑफिस शेडला लागून, सुताचा भुसा कुठंही जातो, डोळ्यात, डब्यात, भाकरीत. एक दिवस सीपीयू बंद पडला, रिपेरवाल्या पोरानं खोका उघडला तर आत पंख्याभोवती पांढरी गादी, हातानं ओढली तर सोललेल्या कापसासारखी अख्खी निघाली. हार्डडिस्क गेलेली. बॅकअप? पेनड्राईव्हवर होता, पेनड्राईव्ह त्याच कॉम्प्युटरला मागं लावून ठेवलेला, आणि शेवटचा बॅकअप सात महिन्यांपूर्वीचा. दिवाणजींनी कच्च्या वहीवरून सात महिने परत टाकले, दीड महिना लागला. मग २०२० चा लॉकडाऊन, कारखाना बंद, पण पार्ट्यांच्या बाक्या, बँकेचं सगळं घरात बसून बघता आलं ते सीएनं तात्पुरतं क्लाउडवर टाकून दिलं म्हणून. तेव्हाच ठरवलं की आता हेच. आज मी मुंबईला पार्टीकडं बसलोय आणि मोबाईलवर २० काउंटचं (काउंट म्हणजे सुताच्या जाडी-बारीकीचं माप) सूत किती शिल्लक ते बघून ऑर्डर घेतोय, वडलांना सांगितलं असतं तर चेष्टा वाटली असती.

आणि लोकांना जे वाटतं की क्लाउड म्हणजे कुठंतरी हवेत, तसं काय नसतं हे पण मला आता कळतंय. मायक्रोसॉफ्टनं २०१५ ला भारतात डेटा सेंटर सुरू केली त्यातलं एक पुण्यात, ॲमेझॉनचं २०१६ ला मुंबईत आलं, २०२२ ला हैदराबादेत. म्हणजे माझी वही बहुतेक पुण्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसच्या वाटेवरच कुठंतरी आहे. दुसऱ्याच्या शेडमध्ये दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेली, एवढंच. आणि शेड म्हणलं की आग पण आलीच. फ्रान्समधे स्ट्रासबुर्गला १० मार्च २०२१ ला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं तेव्हा ज्यांनी दुसरीकडं कॉपी ठेवली नव्हती त्यांचं गेलं ते गेलंच. कोरियात तर २०२५ च्या सप्टेंबरात सरकारी डेटा सेंटर पेटलं, सरकारी नोकरांच्या फायली ठेवायची जी ड्राईव्ह होती तिचे ८५८ टेराबाईट गेले, बॅकअप नव्हता, कारण म्हणे साईज फार मोठी. हे वाचून दिवाणजी म्हणाले, "बगा, सरकारचा पेनड्राईव्ह पण त्याच कॉम्प्युटरला मागं लावलेला." मी काय बोलणार.

भाड्याबद्दल बोलतो. भाडं घेण्याला माझा विरोध नाही. वडलांनी पण भाड्याच्या शेडमधेच सुरू केलं ना, ८ लूम विकत घ्यायचे पैसे होते, शेडचे नव्हते. सुरवातीला एकदम लाख-दीड लाख घालण्यापेक्षा महिन्याला थोडं थोडं, हे लहान माणसाला बरंच पडतं. पण हिशोब करून बघा. नव्या प्लॅनला माणशी ९०० रुपये महिना. आम्ही सहाजण, मी, मुलगी, दिवाणजी, सुताचा स्टॉकवाला, पॅकिंगवाला आणि जॉबर अण्णा. ५,४०० महिना, वर्षाचे ६४,८००, वर जीएसटी १८ टक्के, तो क्रेडिट मिळतो म्हणून सोडून देऊ. ५ वर्षांत ३,२४,००० होतात आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी हातात काय, तर निळं बटण. बरं, अण्णा ते सॉफ्टवेअर उघडतात आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, कुठला बीम कधी संपला ते टाकायला, दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांचे महिन्याला ९००. मग आम्ही काय करतो ते तुम्हाला पण माहितीये, तिघंजण एकाच पासवर्डवर, आणि मग कुणी काय बदललं ते कळत नाही, आणि मग तुमचा माणूस येऊन सांगतो की सर हे सिक्युरिटीला धोक्याचं आहे. आहेच. पण तसं करायला लावलं कुणी?

ह्यात एक गंमत आहे जी मला मुलीनं समजावली, ती पुण्यात शिकून आली आणि परत पण आली, जी गोष्ट सोलापुरात क्वचित होते. तुम्ही स्वतः जे मशीन वापरता ते तुम्ही पण भाड्यानंच घेता. ॲमेझॉननं २००६ ला सर्व्हर भाड्यानं द्यायला सुरवात केली तेव्हा रेट होता तासाला १० सेंट, जेवढे तास तेवढे पैसे, बंद केलं की मीटर बंद. तुमचे पार्टनर प्रत्येक मीटिंगला पहिल्या स्लाईडवर हेच दाखवतात, "वापराल तेवढंच भरा". घाऊक बाजारात तुम्ही तासावर घेता आणि किरकोळीत आम्हाला वर्षावर आणि डोक्यावर देता! आमच्यात घाऊक सूत किलोवर घेऊन कुणी टॉवेल "माणशी" विकला असता तर इथल्या कापड बाजारातली अख्खी चाटी गल्ली हसली असती. आमचा धंदा सीझनचा आहे, दोन महिने ३६ च्या ३६ लूम, दोन महिने दहा. वीज मंडळ पण लूम बंद असले तरी स्थिर आकार लावतंच, पण युनिट तरी कमी येतात. तुमचं तेवढं पण नाही.

आणि एक बोलून टाकतो, आमच्याच लोकांना जरा टोचेल. आमच्या धंद्यात कामगाराला उचल द्यायची जुनी पद्धत, लग्नाला, आजारपणाला, आणि मग ती बाकी फिटेपर्यंत तो दुसऱ्या मालकाकडं जाऊ शकत नाही. बाकी फिटत पण नाही सहसा. आमच्या वडलांनी पण केलंय, मी पण केलंय, खोटं कशाला बोलू. आता तुमचं बघा, पहिल्या वर्षी निम्म्या किमतीत प्लॅन, डेटा फुकटात चढवून देतो, ट्रेनिंग फुकट, आणि एकदा चार वर्षांचा हिशोब आत गेला की मग रेट वाढला तरी माणूस जातो कुठं. ही उचलच आहे हो. फक्त ह्या वेळी बाकीच्या वहीत नाव मालकाचं.

तुमच्या पार्टनरांना एक वेगळी विनंती. कायद्याची भीती घालून विकणं बंद करा. आमच्या शेजारच्या प्लॉटवाल्याला एकानं सांगितलं की १ एप्रिल २०२३ पासून क्लाउड कंपल्सरी झालंय, नाही घेतलं तर दंड. तो बिचारा घाबरून तीन वर्षांचे पैसे भरून मोकळा झाला. त्या तारखेपासून जे आलं ते असं की कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांनी जे अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरायचं त्यात केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. सॉफ्टवेअर ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर असो की क्लाउडवर. आणि तो शेजारी पार्टनरशिप फर्म आहे, त्याला हा नियम लागूच नाही! उलट २०२२ साली कंपन्यांच्या हिशोबाच्या नियमात दुसरी एक दुरुस्ती झाली ती तुम्ही सांगत नाही, इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर राहिला पाहिजे. म्हणजे प्रश्न आम्ही तुम्हाला विचारायचा आहे, की बाबा तुमचा सर्व्हर कुठं आहे? तीन वेळा विचारला, तीन वेळा ब्रोशर मिळालं.

कुणी म्हणेल एवढं काय, पैसे वेळेवर भरा की विषय संपला. पैसे वेळेवर भरून पण विषय संपत नाही. २०२५ च्या जुलैत गुजरातच्या वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर युरोपनं निर्बंध घातले, तर मायक्रोसॉफ्टनं त्यांचं ईमेल आणि टीम्स बंद केलं. नायराचं म्हणणं होतं की लायसन्सचे सगळे पैसे भरलेले आहेत. ते दिल्ली हायकोर्टात गेले, मग सेवा परत सुरू झाली. एवढी मोठी रिफायनरी, वकिलांची फौज, तेव्हा कुठं दार उघडलं. मी अक्कलकोट रोडवरून दिल्ली हायकोर्टात जाऊ? माझी मजल जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत, आणि तिथं पण आधी हेच की धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही.

ज्या युरोपात टॉवेल जातात, तिथल्या लोकांनी ह्यावर कायदा केलाय. डेटा ॲक्ट नावाचा, १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू. गिऱ्हाईकाला क्लाउड बदलायचं असेल तर कंपनीनं अडवायचं नाही, नोटीस जास्तीत जास्त दोन महिन्यांची, डेटा वाचता येईल अशा रूपात द्यायचा, आणि १२ जानेवारी २०२७ पासून बदलण्याचा म्हणून वेगळा खर्च पण घ्यायचा नाही. तुमच्यातल्या बऱ्याच कंपन्या युरोपात पण विकतात. म्हणजे तिथल्या गिऱ्हाईकाला हे तुम्ही देणारच आहात, देता येत नाही असं नाही. तेच बटण सोलापुरात चालत नाही का, इथं ऊन जास्त आहे म्हणून?

मला काय पाहिजे ते सांगतो, फार नाही. प्लॅन संपला तर नवीन बिल काढायचं बंद करा, मान्य, पण जुनं बघायचं आणि छापायचं बंद करू नका, आणि ते ७२ महिने पुसू नका, त्यासाठी वर्षाला थोडे पैसे पाहिजे असतील तर सांगा, गोडाऊनचं भाडं म्हणून देऊ. एक्स्पोर्ट सगळ्याचा द्या, बीमच्या हिशोबासकट आणि कुणी काय बदललं त्यासकट, आणि अशा रूपात द्या की दुसऱ्या कुणाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढेल. रेट वाढवायचा असेल तर तीन महिने आधी कळवा, मेलवर नको, मालकाच्या मोबाईलवर, मराठीत. आठवड्यातून दहा मिनिटं वापरणाऱ्याला वेगळा रेट. आणि शनिवारी संध्याकाळी कुणीतरी फोन उचला, गाड्या शनिवारीच सुटतात साहेब, पूर्ण एमआयडीसीच्या.

आणि तोपर्यंत आम्ही आमचं करतोय. मुलीनं आता दर शनिवारी दुपारी चारला सगळी बिलं पीडीएफ करून दोन हार्डडिस्कवर घ्यायचं सुरू केलंय, एक ऑफिसात प्लॅस्टिकच्या डब्यात, भुसा जाऊ नये म्हणून शेंगाचटणीचा जुना हवाबंद डबा आहे तो, आणि एक घरी देवघराच्या खालच्या कप्प्यात. दिवाणजींनी तर लाल कापडाची वही परत चालू केलीये, महिन्याची शेवटची शिल्लक तेवढी हातानं लिहितात, मी काही बोलत नाही. दिवाळीला लक्ष्मीपूजनात लॅपटॉप आणि ती वही शेजारी शेजारी ठेवली, लॅपटॉपच्या झाकणावर हळदकुंकू लावलं, ते पुसताना मुलगी दरवर्षीसारखी वैतागली.

शेजारचे तीन-चार कारखानदार पण हेच म्हणतायत, सगळ्यांचं मिळून चाळीसेक युजर होतील तुमच्या भाषेत. माझा प्लॅन ३१ मार्चला संपतोय. तुमचा माणूस ह्या मंगळवारी येणार आहे, तसा मेसेज आलाय. मी सहापर्यंत शेडमधेच असतो, लूम चालू असले तर आवाजात ऐकू येत नाही, तेव्हा उत्तर लिहून, सही-शिक्क्यानिशी घेऊन यायला सांगा. ब्रोशर नको.

आपला,
एक टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर